अंतकाळची शुश्रूषा : तिची पारख कशी करावी ?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कोणी रेडिओचा कान पिळू नये, अशी प्रारंभीच विनंती आहे. ज्या दुखण्यातून मनुष्य उठणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे, त्या मनुष्याच्या उरलेल्या दिवसांची व्यवस्था कोणाच्या हाती सोपवावी, आणि ते हात भरवशाचे आहेत की नाहीत हे कशावरून ओळखावे, एवढाच हा विषय आहे. मुलीसाठी स्थळ पाहावयाचे झाल्यास आपण चार गावी चौकशी करतो. मुलास शाळेत घालावयाचे झाल्यास चार शाळांचे उंबरठे झिजवितो. परंतु अंथरुणास खिळलेल्या आईबापांसाठी शुश्रूषेची जागा मात्र कोणीतरी दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावरून एका दुपारी ठरविली जाते. या घाईची किंमत त्या अंथरुणावरच्या मनुष्यास मोजावी लागते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. उपचारांची सीमा संपल्यावर आम्ही त्यांना मुंबईहून नांदेडास परत आणले आणि एका खाजगी शुश्रूषागृहात ठेवले. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. जागा मी स्वतः पाहून पसंत केली होती. भिंती नुकत्याच रंगविलेल्या, फरशी लखलखीत, दाराशी गणपतीची संगमरवरी मूर्ती. पहिल्याच रात्री दोनच्या सुमारास अण्णांच्या पोटातील कळा असह्य झाल्या. पाळीवर एक कोवळा मुलगा होता. डॉक्टर सकाळी नऊला येतात आणि औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांच्यापाशीच असते, असे त्याने सांगितले. जन्मात कधी न कण्हलेला माझा भाऊ ते सात तास उशीचा अभ्रा दातांत धरून पडला होता. पुढे एका सरकारी दवाखान्यातील तरुण डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि शेवटचे अठरा दिवस अण्णांनी घरीच, नातवंडांशी बोलत, पुष्कळशा समाधानाने काढले.

दोष त्या मुलाचा नव्हता. निवड करताना मी भिंतींकडे पाहिले होते. शाळेच्या वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतींना चुना कसा लागतो, हे अडतीस वर्षे पाहिलेल्या शिक्षकाने तरी फसावयास नको होते. खरा तपासनीस चुन्याकडे दुर्लक्ष करतो, आणि शेवटच्या बाकावरील मुलास उभे करून धडा वाचावयास सांगतो. तीच रीत या बाबतीत कशी लावावी, हे आता क्रमाने सांगतो.

प्रथम ही सेवा म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत हिला हॉस्पिस म्हणतात. युरोपात पूर्वी यात्रेकरूंसाठी ज्या धर्मशाळा असत, त्यांचे हे नाव होते. आजच्या अर्थाने पहिली संस्था लंडन येथे १९६७ साली सिसिली साँडर्स या बाईंनी काढली. तिचे नाव सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस. बाई प्रथम परिचारिका, नंतर रुग्णालयातील समाजसेविका, आणि शेवटी १९५७ साली डॉक्टर झाल्या. रोग्याच्या उशाशी तीन नात्यांनी बसल्यामुळे त्यांना एक गोष्ट उमगली. मरणोन्मुख मनुष्याची वेदना केवळ शरीराची नसते. मनातील भय, संसाराची विवंचना आणि 'हे माझ्याच वाट्याला का' हा आत्म्याचा प्रश्न, ही सर्व मिळून त्याची वेदना होते. या समग्र वेदनेचा परिहार करणे हे या सेवेचे कार्य. मरण लांबविणे हे तिचे काम नव्हे आणि ते ओढून आणणे हेही नव्हे. ही सेवा केवळ कर्करोगासाठी असते, असाही एक गैरसमज आहे. थकलेले हृदय, निकामी झालेले मूत्रपिंड, जुना श्वासरोग, पक्षाघात, स्मृतिभ्रंश या सर्वांना तिची गरज पडते.

आपल्या देशात अशी पहिली संस्था मुंबईस वांद्रे येथे १९८६ साली निघाली. डॉक्टर एल. जे. डिसोझा या कर्करोगाच्या शस्त्रवैद्यांनी ती स्थापिली. तिचे नाव शांति अवेदना सदन. पुण्यास वारजे येथे सिप्ला कंपनीने काढलेले केंद्र १९९७ पासून चालू आहे. या दोन्ही ठिकाणी रोग्याकडून पैसे घेतले जात नाहीत. केरळात १९९३ साली कोझिकोड येथे डॉक्टर एम. आर. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनी निराळी वाट धरली. त्यांनी गल्लोगल्लीचे स्वयंसेवक तयार केले आणि सेवाच रोग्याच्या घरी नेली. २००८ साली त्या राज्याने याविषयीचे धोरणही जाहीर केले. आपणां मराठवाड्यातील लोकांना ही केरळची वाट अधिक जवळची आहे. नांदेड किंवा लातूर येथून मुंबई-पुणे म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि शेवटच्या आठवड्यांत असा प्रवास रोग्यास सोसत नाही. यास्तव आपल्या गावातील डॉक्टर, दवाखाना अथवा घरी येणारे पथक यांचीच पारख करण्याचा प्रसंग आपल्यावर येतो.

इंग्लंडात सरकारी तपासनीस हॉस्पिसांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध करतात. सेवा सुरक्षित आहे काय, परिणामकारक आहे काय, ममतेची आहे काय, रोग्याच्या गरजेस धावणारी आहे काय, आणि तिचा कारभार नीट आहे काय, हे त्यांचे पाच प्रश्न असतात. अमेरिकेत रोग्याच्या निधनानंतर कुटुंबीयांस प्रश्नपत्रिका पाठवून त्यांचे मत घेतात आणि ते जनतेपुढे ठेवतात. आपल्याकडे असा अहवाल सामान्य गृहस्थाच्या हाती पडत नाही. म्हणून तपासनीस आपणच व्हावयाचे.

पहिला प्रश्न वेदनेचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची शिडी घालून दिली आहे. सौम्य वेदनेस पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मध्यम वेदनेस कोडीनसारखी, आणि तीव्र वेदनेस मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने द्यावे, आणि घड्याळाप्रमाणे द्यावे. रोगी विव्हळू लागल्यावर धावाधाव करणे ही अपुरी सेवा होय. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास राहतो. तो उतरण्यापूर्वीच पुढची मात्रा पोटात गेली पाहिजे. म्हणून सेवा देणाऱ्यास सरळ विचारावे : "आपणांकडे मॉर्फिन मिळते काय ? आपल्या संस्थेस त्याची मान्यता आहे काय ?" १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने हे औषध मिळणे फार बिकट झाले होते. मध्यप्रदेश, राजस्थान आणि उत्तरप्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि तिच्यापासून होणारे औषध मात्र आपल्याच रोग्यास मिळू नये, अशी ती स्थिती होती. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून मॉर्फिनसह सहा औषधे अत्यावश्यक ठरविण्यात आली असून, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवता येतात. तेव्हा 'कायद्याने देता येत नाही' हे उत्तर आता पुरेसे नाही. 'व्यसन लागेल' हे उत्तर तर त्याहून पोकळ होय. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कर्करोगाच्या वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनने व्यसन जडणे विरळा. आणि ज्याचे आयुष्य आठवड्यांत मोजावयाचे, त्याला व्यसनाचे भय घालून वेदनेत ठेवणे यात कोणते शहाणपण ?

या प्रश्नास जोडून एक बारीक कसोटी सांगतो. मॉर्फिनने हटकून मलावरोध होतो. जो डॉक्टर मॉर्फिन लिहिताना त्याच कागदावर सारक औषधही लिहितो, त्याला हे काम येते असे समजावे. तसेच दर भेटीत वेदना शून्यापासून दहापर्यंत किती आहे हे रोग्यासच विचारून वहीत मांडतात काय, हे पाहावे. रोगी शुद्धीवर असता त्याला सोडून त्याच्या मुलालाच विचारणारे पथक अर्धेच काम करते.

दुसरा प्रश्न रात्रीचा. "आज रात्री दोन वाजता धाप लागली, तर मी कोणास हाक मारावी, आणि कोण येईल ?" या प्रश्नाचे उत्तर नावानिशी मिळाले पाहिजे. 'काळजी करू नका, आम्ही आहोत' हे उत्तर नव्हे. पाळीवर कोण असते, त्याचे शिक्षण काय, त्याच्याकडे किती रोगी असतात, औषधांच्या कपाटाची किल्ली कोणापाशी असते, हे सर्व विचारावे. सेवा घरी येऊन देणारी असेल, तर रात्रीच्या प्रसंगासाठी कोणती औषधे घरी ठेवून जाणार आणि ती केव्हा द्यावयाची हे लिहून देणार काय, तेही विचारावे. क्रमांक मिळाला की त्याच रात्री एकदा लावून पाहावा. यात संकोच कसला ? चांगल्या संस्थेस याचा राग येत नाही.

तिसरा प्रश्न शरीराच्या निगेचा. येथे कानांपेक्षा डोळे आणि नाक अधिक उपयोगी पडतात. पूर्वसूचना न देता, शक्यतो संध्याकाळी जावे. रोग्यांचे ओठ सुकलेले आहेत काय, नखे काढलेली आहेत काय, चादर ओली आहे काय, हे पाहावे. उठू न शकणाऱ्या रोग्यास साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीस व माकडहाडाशी जखमा पडतात. वळविल्याची नोंद ठेवतात काय, हे विचारावे. तंबाखू-गुटख्यामुळे आपल्या भागात तोंडाचा कर्करोग फार, आणि त्याच्या जखमेस दुर्गंधी सुटते. त्या दुर्गंधीमुळे माणसे रोग्यास ओसरीवर ठेवतात, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत, आणि रोगी मरणाआधीच वाळीत पडतो. या दुर्गंधीवर मेट्रोनिडॅझोल नावाच्या स्वस्त गोळीची पूड जखमेवर टाकण्याचा साधा उपाय आहे, आणि तो डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीही करता येतो. ज्या जागेत फिनेलचा वास आहे पण जखमांची दुर्गंधीही तितकीच आहे, तेथे फरशीची निगा होते आणि माणसाची होत नाही, असे खुशाल समजावे.

चौथा प्रश्न शिकविण्याचा. चांगली सेवा घरच्या माणसांना शहाणे करून सोडते. रोग्यास वळवावे कसे, तोंड पुसावे कसे, नळी स्वच्छ कशी ठेवावी, हे सुनेला, मुलाला, पत्नीला हात धरून शिकविते. पुढे काय होणार हेही ती आगाऊ सांगते. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मावळते. आपल्या घरांत 'दोन घास तरी खा' म्हणून आग्रह करणे हीच माया समजली जाते. परंतु त्या आग्रहाने रोग्यास ठसका लागतो आणि ओकाऱ्या होतात. श्वासाला घरघर लागते, ती ऐकून घरचे लोक घाबरतात आणि मध्यरात्री गाडी करून अतिदक्षता विभागाकडे धाव घेतात. मग ज्या हातांत नातवाचा हात असावयाचा, त्या हातात सुया असतात. हे सर्व आधी समजावून सांगणारा कोणी असता, तर पुष्कळ घरांची ती शेवटची धावपळ टळती.

पाचवा प्रश्न सत्याचा आणि रोग्याच्या इच्छेचा. 'त्यांना काही सांगू नका' असे आपण डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगतो. हेतू मायेचाच असतो. परंतु रोग्यास बहुधा कळून चुकलेले असते, आणि आपण लपवितो म्हणून तोही लपवितो. एका घरात दोन्हीकडून नाटक चालते. चांगले पथक सत्य अंगावर फेकत नाही आणि खोटेही बोलत नाही. रोग्याला काय जाणावयाचे आहे हे ते हळुवारपणे विचारते आणि तेवढेच सांगते. कोणाला भेटावयाचे आहे, कोणते देणे फेडावयाचे आहे, शेवट घरी व्हावा की रुग्णालयात, हे बोलण्यास त्याला वाव देते. कायद्यानेही ही इच्छा मानली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी असा निर्णय दिला की, बरे होण्याची आशा नसता केवळ यंत्रांनी जीव धरून ठेवू नये, अशी इच्छा मनुष्यास आगाऊ लिहून ठेवता येते. २०२३ साली त्याची रीत सोपी करण्यात आली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून तो लेख नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करता येतो. या लेखाविषयी विचारले असता जी संस्था गोंधळते किंवा विषय टाळते, तिने आपला अभ्यास केलेला नाही.

यातच धर्माचाही प्रश्न येतो. आपल्या नांदेडात एकाच गल्लीत गुरुद्वाऱ्याची अरदास, मशिदीतील कुराणपठण, विहारातील वंदना आणि विठ्ठलमंदिरातील हरिपाठ ऐकू येतो. रोग्यास शेवटी ज्या शब्दांनी धीर येतो ते शब्द त्याच्या उशाशी म्हणू देतात काय, हे विचारावयास विसरू नये.

सहावा प्रश्न पैशाचा आणि कागदांचा. खाजगी शुश्रूषागृहास नोंदणी लागते. तिचे प्रमाणपत्र पाहावयास मागावे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णांच्या हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी जागी लावावयाचे असते. एकूण खर्च आठवड्यास किती, औषधे त्यात धरली आहेत काय, हे लेखी घ्यावे. आणि एक खूण पक्की ध्यानात धरावी : जो कोणी अशा अवस्थेत 'पूर्ण बरे करतो' म्हणून आगाऊ रक्कम मागेल, त्याच्या दारातून तसेच परत फिरावे. जमीन विकून आशा विकत घेतलेली घरे मी पाहिली आहेत. रोगी गेला, जमीनही गेली, आणि मुलांच्या वाट्यास कर्ज आले.

सातवा प्रश्न मागे राहिलेल्यांचा. मृत्यूनंतर संस्थेतील कोणी घरी येते काय, निदान दूरध्वनी करते काय ? पत्नी रात्री झोपते काय, मुलगा कामावर जाऊ लागला काय, हे विचारणे सेवेचाच भाग आहे. याचे उत्तर संस्थेच्या कचेरीत मिळावयाचे नाही. ज्यांच्या घरी पूर्वी ही सेवा येऊन गेली अशा एक-दोन कुटुंबांस भेटावे आणि इतकेच विचारावे : "पुन्हा तसा प्रसंग आला, तर आपण यांनाच बोलवाल काय ?" उत्तर द्यावयास लागणारा वेळदेखील पुष्कळ सांगून जातो.

आता चौकशीस आरंभ कोठून करावा ? केंद्र सरकारचा वेदनाशमन व परिहार सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ सालापासून आहे, आणि पूर्वीच्या उपकेंद्रांची जी आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली आहेत त्यांच्या ठरलेल्या बारा सेवांमध्ये वृद्धांची व अशा रोग्यांची सेवा समाविष्ट आहे. म्हणून गावातील आशाताई आणि परिचारिका यांना विचारण्याचा आपणांस हक्क आहे. नांदेडच्या लोकांनी विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरच्या लोकांनी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था अथवा १९६६ पासून चालत आलेले विवेकानंद रुग्णालय यांच्याकडे प्रथम चौकशी करावी. लातूरच्या पश्चिमेस, तीन तासांच्या आतबाहेर, बार्शी येथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही देशात प्रथम १९८७ साली तेथेच सुरू झाली. यांपैकी कोठे आज काय मिळते हे समक्ष जाऊनच विचारावे, कारण ही सेवा माणसांवर चालते आणि माणसांच्या बदल्या होतात. नाव मोठे असले तरी वरील प्रश्न सोडू नयेत, आणि लहान दवाखाना असला तरी त्यास कमी लेखू नये. अण्णांच्या वेदना ज्या बाईंनी थांबविल्या, त्यांच्या खोलीचा गिलावा पडलेला होता.

हे सातही प्रश्न सर्वांना अनुकूल उतरतील अशी जागा क्वचितच सापडेल. मग निवड कशी करावी ? माझे मत असे की, पहिल्या दोहोंत तडजोड करू नये. वेदनेवर औषध आणि रात्री माणूस, ही दोन असली तर बाकीची उणीव घरची माया पुष्कळशी भरून काढते. ही दोन नसतील, तर बाकी सर्व शोभा व्यर्थ होय. जी संस्था 'अमुक गोष्ट आम्हांस जमणार नाही, त्यासाठी तमुक ठिकाणी जा' असे मोकळेपणाने सांगते, तिच्यावर अधिक विश्वास ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या गणतीप्रमाणे दर वर्षी जगातील सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते, आणि ती सुमारे १४ टक्क्यांनाच मिळते. उरलेल्यांत आपल्या आळीतील कोणी असेल, उद्या आपल्या घरातील असेल. म्हणून शेवटची एक सूचना करून हे भाषण पुरे करतो. रोगी हिंडता-फिरता असतानाच, शक्य तर त्यालाच बरोबर घेऊन, ही चौकशी करावी. रात्री दोन वाजता कोणास हाक मारावयाची, त्याचे नाव आणि क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो त्याच्या खाटेशेजारच्या भिंतीवर लावावा. अण्णांच्या खोलीतील तो कागद आम्ही अजून काढलेला नाही.